फाटकासमोर रोवलेला मोबाइलचा पोल

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहतो. दोन महिन्यांपूर्वी एका मोबाइल कंपनीच्या माणसांनी रातोरात माझ्या फाटकासमोर लोखंडी पोल रोवला आणि वर पेटी बसवली. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. आता गाडी अंगणात येत नाही. पोलवरची केबल शेजारच्या वीजखांबाला बांधली आहे, ती आमच्या गॅलरीपाशी लोंबते. नगरपरिषदेत विचारले तर 'वरून परवानगी आहे' एवढेच सांगतात. रेडिएशनचीही भीती वाटते. गल्लीतली पोरे म्हणतात, गुरुजी, एका रात्रीत कापून टाकतो. पोल हटवता येईल का?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. सगळ्यात आधी पोरांना थांबवा. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ खाली दूरसंचार यंत्रणेचे नुकसान करणे हा गुन्हा आहे आणि त्यातला दंड शिक्षकाच्या पेन्शनला झेपणारा नाही. आज तक्रारदार तुम्ही आहात. केबल कापली की उद्या आरोपी तुमच्या गल्लीतली पोरे होतील, आणि मूळ तक्रार कोणी ऐकणार नाही.

आता पोल उभा आहे ती जागा कोणाची, हे बघा. सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक आणि नकाशा काढा. पोलचा पाया तुमच्या हद्दीत येत असेल तर कंपनीला मालकाशी, म्हणजे तुमच्याशी, बोलणी करून करार करावा लागतो. नगरपरिषदेची परवानगी तिथे पुरत नाही. पण आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत ओटा, पायऱ्या, गाडी चढवायचा उतार हे बहुधा हद्दीबाहेर, रस्त्याच्या जागेत आलेले असतात. तुमचेही तसे असेल तर मला ते आधी सांगा, लपवू नका. पोलची मोजणी मागितली की ओट्याचीही होते. तेव्हा हद्दीबाहेरचा उतार तुमचा हक्क म्हणून सांगू नका. घरातून सार्वजनिक रस्त्यावर येण्या-जाण्याचा हक्क सांगा. रस्त्याला लागून ज्याची मिळकत आहे त्याचा हा हक्क न्यायालये मानतात, आणि तुमची खरी बाजू तीच आहे.

पोल रस्त्याच्या जागेत असेल तर कायदा कंपनीला बरेच झुकते माप देतो, हे स्पष्टच सांगतो. पूर्वी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली २०१६ चे राइट ऑफ वे नियम, म्हणजे दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जागेत तारा-पोल बसवण्याच्या हक्काचे नियम, होते. आता २०२३ च्या अधिनियमाखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. नगरपरिषदेला अर्ज मनमानीपणे अडवता येत नाही, आणि ठरल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. म्हणून 'आम्ही परवानगी दिलीच नाही' असे उद्या नगरपरिषदेने लिहून दिले तरी तेवढ्याने पोल बेकायदा ठरत नाही. मात्र 'वरून परवानगी आहे' हे उत्तरही तितकेच अपुरे आहे. रस्ता नगरपरिषदेच्या ताब्यातला असेल तर अर्ज तिच्याकडेच यायला हवा. तो आला की नाही, त्यात कोणती जागा दाखवली आणि मंजुरीत कोणत्या अटी होत्या, हे बघण्याचा तुम्हाला हक्क आहे.

त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. 'पोलबाबत माहिती द्यावी' असे मोघम लिहू नका. कंपनीचा अर्ज, त्यासोबतचा नकाशा, पोलच्या जागेचे अक्षांश-रेखांश, मंजुरीपत्र, रस्ता पूर्ववत करण्यासाठी घेतलेली बँक गॅरंटी आणि लोकांची गैरसोय टाळण्यासाठी कंपनीने लिहून दिलेले उपाय, या सगळ्यांच्या प्रती मागा. अशा प्रकरणांत बऱ्याचदा नकाशात जागा एक असते आणि खड्डा खणला जातो दुसरीकडे. मजुराला जिथे जमीन मऊ लागली तिथे पोल. मोबाइलवरचे लोकेशन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, त्यावर विसंबू नका. टेपने फाटकाच्या दोन्ही खांबांपासूनचे अंतर मोजा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि फोटो काढून ठेवा.

त्या उत्तरासाठी महिनाभर थांबू नका. मुख्याधिकाऱ्यांना आजच अर्ज द्या, आवक विभागाची पोच घ्या आणि प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यात पोल काढा असे न म्हणता, फाटकासमोरून सरकवून शेजारच्या बखळीच्या किंवा भिंतीच्या कडेला घ्या, असे म्हणा. यामागे कारण आहे. दिवाणी न्यायालयाने कोणती दाद कधी द्यायची हे ठरवणाऱ्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टमध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. पायाभूत सुविधेच्या कामात अडथळा येईल असा मनाई हुकूम देऊ नये, असे तिथे आता लिहिले आहे, आणि त्या यादीत दूरसंचार व टॉवर दोन्ही आहेत. सरसकट 'हटवा' म्हणून दिवाणी न्यायालयात गेलात तर कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम पुढे करील. नेटवर्क चालू ठेवून पोल आठ-दहा फूट सरकवा, या मागणीपुढे त्या आक्षेपाचा जोर बराच कमी होतो. डायलिसिसची कागदपत्रे आणि गाडी बाहेर अडकल्याचा फोटो अर्जाला जोडा. ही सहानुभूतीची याचना नाही, तो तुमचा पुरावा आहे.

पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही तर जळगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नव्या कायद्यात राइट ऑफ वे च्या वादांचा निवाडा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच, दिला आहे, म्हणून दिवाणी दाव्याआधी हा दरवाजा वाजवायचा.

लोंबणाऱ्या केबलला मात्र एक दिवसही देऊ नका. मला पोलपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे दोरीने बांधलेल्या केबलचा काय भरवसा? ती विजेच्या तारेला लागली तर तुमच्या गॅलरीच्या लोखंडी कठड्यात करंट उतरू शकतो. घराच्या भिंतीपासून लघुदाबाची वीजतारही आडव्या अंतरात किमान १.२ मीटर लांब असावी लागते, मग वीजखांबाला बांधलेली परकी केबल गॅलरीपाशी लोंबावी हे कसे चालेल? महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि लेखी तक्रार उपविभागीय कार्यालयात व विद्युत निरीक्षकांकडे द्या. काढून होईपर्यंत वहिनींना गॅलरीत बसू देऊ नका.

रेडिएशनच्या भीतीवर दावा उभारू नका, एवढी माझी विनंती आहे. भारताने २०१२ मध्ये लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, आणि नुसत्या भीतीवर टेकलेल्या याचिका न्यायालयात सहसा टिकत नाहीत. शंका मनातून जात नसेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर चार हजार रुपये भरून दूरसंचार विभागाकडून मोजमाप मागता येते. आकडा मर्यादेबाहेर आला तर तो घेऊन या, मग त्यावर वेगळी तक्रार करू.

मालमत्ता पत्रक हाती आले की त्याची प्रत आणि टेपने घेतलेली मापे मला पाठवा. ओट्याचे मापही त्यात असू द्या.