रिपोर्टात ‘सौम्य’ लिहिलंय, मग माझंच का ऐकू येत नाही?

“ताई, कागदावर आप्पांचा बहिरेपणा सौम्य लिहिलाय. त्यांना मुलाचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही. मग मी काय समजायचं?”

भांडुपहून आलेल्या त्या सुनेनं रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला, तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. शेजारी सासरे, म्हणजे आप्पा, वय 72, गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलेले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परळच्या क्लिनिकमध्ये मी श्रवण तपासणीनंतर घरच्यांशी बोलते. हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो, आणि दर वेळी त्यामागे घरातलं एखादं भांडण असतं. इथलं असं होतं: नातवाला क्लासमधून सात वाजता आणायला सांगितलं होतं, आप्पा आठला गेले. पोरगं तासभर जिन्यात बसून होतं. त्या रात्री “मुद्दाम करतात” हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला गेला.

मी आलेख तिच्याकडे वळवला. हा आलेख पेटीच्या पट्ट्यांसारखा वाचायचा. डावीकडे खर्ज, 250 हर्ट्झ. उजवीकडे सरकत जावं तसा सूर बारीक होत 8000 पर्यंत. वरून खाली डेसिबल. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज द्यावा लागला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. आप्पांचे दोन्ही कान जवळजवळ सारखेच होते: 500 ला 20, 1000 ला 30, 2000 ला 50, 4000 ला 70, आणि 8000 ला परत थोडं वर, 60.

“पण इथे सरासरी 33 आहे. म्हणजे 33 टक्के ऐकणं गेलं ना?”

नाही. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, हे मला रोज सांगावं लागतं. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. धडधाकट तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. तिथून 20 डेसिबल वाढले की आवाजाचा दाब दहापट होतो. शिवाय 33 ही सरासरी फक्त 500, 1000 आणि 2000 या तीन सुरांची. जुन्या मोजपट्टीत 26 ते 40 म्हणजे सौम्य, म्हणून तसं छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या श्रेणीत 4000 चा आकडाही धरतात. तो धरला की आप्पांची सरासरी 42.5 होते आणि ते ‘मध्यम’मध्ये जातात. कान तेच, कागद तोच. सरासरीच्या एका शब्दावर घरच्यांनी माणसाला खोटं ठरवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता भाषा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या सुरांत असतात, त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, त, ख यांची ओळख वरच्या सुरांत, आणि हे आवाज मुळातच क्षीण. ‘सात’ मधला स पुसला की उरतं ‘आत’. मेंदू जागा भरतो: आठ. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. बायकांचा आणि मुलांचा आवाज पातळ, त्यात पाठमोरं बोलणं, नळ चालू, मिक्सर चालू. मुलगा जेवताना समोर बसून बोलतो, म्हणून त्याचं कळतं.

रिपोर्टात टक्के एकाच ठिकाणी होते, शब्दांच्या चाचणीत. सोयीच्या आवाजात 25 शब्द ऐकवले, 18 बरोबर आले, म्हणजे 72 टक्के. चुकलेले शब्द ऑडिओलॉजिस्टनं पेन्सिलीनं लिहून ठेवले होते: ‘साप’ला ‘ताप’, ‘फळ’ला ‘कळ’. सुनेनं त्या दोन ओळी बराच वेळ पाहिल्या.

कानामागच्या हाडावर कंपक ठेवून केलेली चाचणीही हेडफोनच्या रेषेबरोबरच खाली उतरली होती. हाडातून चांगलं आणि हवेतून कमी ऐकू आलं असतं, तर मळ, पडद्यामागचं पाणी किंवा पडद्याला भोक शोधावं लागलं असतं. इथे झीज आतल्या कानाची होती. म्हणून थेंब टाकून काही साधणार नव्हतं.

4000 चा तो खड्डा बहुधा वर्षानुवर्षांच्या गोंगाटाची खूण असतो. तो बघून मी आप्पांसमोर जाऊन बसले, तोंड उजेडात ठेवलं आणि विचारलं, “गिरणीत, मागांच्या साचेखात्यात होता का?”

ते एकदम ताठ बसले. “सव्वीस वर्षं. बाई, तिथे कानानं कोण ऐकायचं? ओठ बघायचे. संपात घरी बसलो तेव्हा पहिल्यांदा शांतता ऐकली.”

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिला माहीत नव्हतं.

कानाच्या मशिनबद्दल मी दोघांनाही सरळ सांगितलं: ते चष्म्यासारखं लावलं आणि दिसलं, असं नसतं. आधी ट्रायल घ्या. पिशवीची चुरचुर, कुकरची शिट्टी सुरुवातीला डोक्यात जाईल, मेंदूला काही आठवडे द्या. 72 टक्क्यांचे 100 होतील असं वचन कुणी दिलं तर तिथून उठा. दुसऱ्या मतासाठी वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते: अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोहोचा. तिथे थांबून चालत नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. मशिन अजून दिवसाला चारच तास लावतात, म्हणाली. “मी आता नळ बंद करते, वळून बोलते. काल पुन्हा सातला जायचं होतं. त्यांनी दारातूनच विचारलं, सात की आठ? मी बोटं दाखवली.”