छताला टेकलेला कढीपत्ता आणि थंडीआधीचे बाकी प्रश्न

सप्टेंबर आला की अमेरिका-कॅनडातल्या वाचकांच्या पत्रांचा सूर एकच असतो, झाड मोठं झालंय, घर तेवढंच आहे, आता आत कसं घ्यायचं. उन्हाळाभर डेकवर मोकळं वाढलेलं झाड मे महिन्यात बाहेर नेलं होतं तेवढं राहत नाही हो, ते दीडपट होऊनच परत येतं. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देतेय. आणि सगळ्यांना आधी एकच सांगते, प्रत्येक झाडाला खिडकी लागत नाही. काही झाडं हिवाळाभर जागी ठेवावी लागतात, काही बेसमेंटमधे झोपवता येतात, आणि काहींचं नुसतं बी किंवा एक फांदी जपली तरी पुरतं. हे ठरवायची वेळ आत्ताची आहे, पहिल्या गोठणाऱ्या दवाच्या (फ्रॉस्टच्या) रात्री धावपळ करत नाही.

ताई, नमस्कार. आमचा कढीपत्ता कुंडीसकट साडेसात फूट झालाय आणि लिव्हिंग रूमचं छत आठ फुटांचं. गेल्या हिवाळ्यात जवळजवळ सगळी पानं गळली होती, मार्चमधे परत फुटला. हे म्हणतात देऊन टाक कुणालातरी. बहीण कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे पाठवू का? की अजून मोठी कुंडी घेऊ?
– एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक

आधी बहिणीचं. पाठवू नका, गाडीत घालून नेऊ पण नका. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, आणि लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारी बारीक कीड कढीपत्त्यावर आनंदाने राहते. फ्लोरिडात हा रोग २००५ मधे सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची पार वाट लागली, कॅलिफोर्नियात २०१२ मधे सापडला. त्यामुळे या राज्यांमधे आणि टेक्सासमधेही कढीपत्त्याची रोपं इकडून तिकडे न्यायला निर्बंध आहेत. भारतातून येताना पिशवीत फांदी किंवा पानं आणणं तर अजिबातच नको. बहिणीला सांगा तिथल्याच नर्सरीतून सर्टिफिकेट असलेलं रोप घे.

मोठी कुंडी पण घेऊ नका. मोठी कुंडी म्हणजे अजून माती, अजून मुळं, अजून उंच झाड, आणि पुढच्या सप्टेंबरला तुम्ही मला नऊ फुटांचं पत्र लिहाल. कुंडी तीच ठेवायची, झाड तिच्यात बसवायचं. हे दोन टप्प्यांत होतं, वरचं आत्ता आणि खालचं मार्चमधे.

वरचं म्हणजे शेंडा. येत्या आठवड्यात, हवा अजून उबदार असताना, धारदार कात्रीने मुख्य खोड हवं त्या उंचीला कापा, म्हणजे साधारण एक तृतीयांश उंची कमी. कापताना पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो त्या गाठीच्या थोडं वर कापायचं, त्या गाठीतूनच पुढे दोन-तीन फुटवे येतात आणि झाड काठीसारखं सरळ न वाढता डेरेदार होतं. लोकांचा हात इथे थरथरतो, दहा वर्षं वाढवलेलं झाड कसं कापू म्हणतात, पण कढीपत्ता छाटणी फार छान सोसतो, कापल्याने मेलेला कढीपत्ता मी पाहिलेला नाही, जास्त पाण्याने मेलेले खूप पाहिलेत. कापलेल्या फांद्यांची पानं धुवून, कापडावर पूर्ण कोरडी करून झिपच्या पिशवीत फ्रीजरमधे टाका. वास थोडा उतरतो, पण थेट फ्रीजरमधून गरम तेलात टाकली की हिवाळाभर फोडणीचं काम भागतं.

आता खालचं. मार्चमधे बारीक कोंब दिसायला लागले की कुंडी आडवी करा, कडेने जुनी लांब सुरी फिरवून झाड बाहेर ओढा. इतक्या वर्षांचं झाड असेल तर माती दिसणारच नाही, कुंडीच्या आकाराचा मुळांचा गठ्ठाच हातात येईल आणि तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील. तो तळाचा दीड-दोन इंचांचा थर करवतीसारखी सुरी चालवून सरळ कापून टाका, मग कडेचा इंचभर, आणि उरलेली मुळं बोटांनी जरा मोकळी करा. त्याच कुंडीत खाली आणि बाजूने नवीन माती भरा, पाणी द्या, आणि दोन आठवडे कडक उन्हात ठेवू नका. दोन-तीन वर्षांनी एकदा हे केलं की पुरे. ऑक्टोबरमधे मात्र मुळांना हात लावायचा नाही, कारण पुढचे चार महिने झाड नवीन मुळं धरणारच नाहीये. कुंडीत खोडाच्या बाजूला जी लहान पिल्लं फुटतात ती मुळासकट वेगळी करायला पण मार्चच बरा, आणि द्यायचंच असेल तर ती पिल्लं एडिसनमधल्याच ओळखीच्यांना द्या, मोठं झाड कशाला देता.

पानं का गळली तेही सांगते, कारण त्याची काळजी वाटून लोक नेमकं चुकीचं करतात. २१ डिसेंबरला मुंबईत अकरा तासांचा दिवस असतो, तुमच्याकडे सव्वानऊ तासांचा, त्यात ऊन तिरकं आणि मधे खिडकीची काच. एवढ्या प्रकाशावर झाड तितकी पानं पोसू शकत नाही, म्हणून टाकून देतं. मग आपण काय करतो, पानं गेली म्हणजे तहान लागली असेल म्हणून रोज पाणी. ज्या झाडाला पानंच नाहीत ते पाणी पिणार कुठून, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. दोन इंच बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी, खत फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत बंद. जिवंत आहे का अशी शंका आली तर नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की निश्चिंत राहा. पानं हवीतच असतील तर दक्षिणेची खिडकी आणि वरून एलईडी ग्रो लाइट (झाडं वाढवायचा खास दिवा), टायमर लावून बारा-चौदा तास.

रात्रीचं तापमान ५० फॅरेनहाइटकडे यायला लागलं की आत घ्या, तुमच्याकडे ते बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं, पहिल्या दवाची वाट बघू नका.

टोरांटोजवळ मिसिसागात राहतो. जास्वंद आणि मोगरा दोन्ही आत आणले की आठवड्यात जास्वंदीची पानं पिवळी पडून गळतात आणि नंतर पांढरे किडे होतात, मग ते सगळ्या घरातल्या झाडांवर जातात. बायको म्हणते या वर्षी नकोच. काय करावं?

पानं पिवळी पडणं हा जागा बदलल्याचा धक्का आहे, थोडा होणारच, पण तो कमी करता येतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम खोलीत आणण्याऐवजी आत्तापासूनच आठवडाभर सावलीत, भिंतीच्या कडेला ठेवा आणि रात्री १२-१३ अंश सेल्सिअस व्हायच्या आत घरात घ्या. हीटिंग सुरू व्हायच्या आधी आत आलेलं झाड कमी पानं टाकतं, कारण बाहेरची आणि घरातली हवा त्या वेळी साधारण सारखीच असते.

किडे मात्र घरात तयार होत नाहीत, ते तुमच्याबरोबर डेकवरूनच येतात. बाहेर त्यांना खाणारे लेडीबग वगैरे असतात, पाऊस धुवून काढतो, घरात त्यातलं काहीच नाही. तुमचे पांढरे किडे दोनांपैकी एक असतील. फांदी हलवली की उडत असतील तर पांढरी माशी, आणि पानाच्या बेचक्यात कापसासारखे चिकटून बसले असतील तर पिठ्या ढेकूण. दोन्हीला आत आणण्याआधीच गाठायचं. पाइपच्या जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू धुवा, वरची नाही, खालची, सगळं तिथेच असतं. मग कीटकनाशक साबणाचा फवारा, पुन्हा खालून, आणि सात दिवसांनी परत एकदा, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी वाचतात. लहान कुंडी असेल तर पंधरा-वीस मिनिटं बादलीत पाण्याच्या पातळीखाली बुडवून ठेवा, मातीतल्या मुंग्या आणि गोगलगायी वर येतात. आत आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांबच्या खोलीत. पिठ्या ढेकूण दिसलाच तर कापसाच्या बोळ्याला रबिंग अल्कोहोल लावून एकेक टिपून काढा, कंटाळवाणं काम आहे पण त्याच्यासारखा उपाय नाही. जानेवारीत पानांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर तो लाल कोळी, त्याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून कुंडी हीटिंगच्या व्हेंटजवळ नको आणि आठवड्याला एकदा झाडाला शॉवरखाली आंघोळ.

एक कळकळीने सांगते. कुंडीत टाकायच्या दाणेदार कीटकनाशकात बहुतेकदा इमिडाक्लोप्रिड असतं, ते मुळांतून पानांत जातं. जास्वंदीला एक वेळ ठीक, कढीपत्ता, तुळस, लिंबू यांना कधीही नाही, ते आपण खातो.

जागेचं म्हणाल तर जास्वंद आत आणताना एक तृतीयांश कापा आणि मार्चमधे पुन्हा नीट आकार द्या, फूल नव्या फुटीवरच येतं त्यामुळे नुकसान काही नाही. मोगऱ्याचंही तसंच, फक्त त्याला गरम लिव्हिंग रूमपेक्षा थंड आणि उजेडाची खोली द्या, रात्री १५-१६ अंश असेल तर उत्तम. बायकोला सांगा एक वर्ष अशी धुवून आणून बघूया, तरीही त्रास झाला तर जास्वंदीच्या चार इंची दोन फांद्या लहान कुंडीत लावून तेवढ्याच ठेवू.

शिकागोच्या नेपरव्हिलला आहोत. देवचाफ्याची कुंडी पाच फूट उंच आणि तेवढीच रुंद, तीन फांद्यांची. दारातून आत येतच नाही आता. गराजमधे ठेवला तर चालेल का?

तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. चाफा मुळातच पानगळीचा, आपल्याकडे पण उन्हाळ्याआधी नुसत्या काठ्या उभ्या असतात ना, तसाच त्याला झोपवायचा. ऑक्टोबर लागला की पाणी बंद, पानं पिवळी होऊन गळू द्या, आणि दव पडायच्या आत आत घ्या. खिडकी नको, उजेड नको, मार्चपर्यंत पाणी नको. गराज मात्र शिकागोत धोक्याचं, जानेवारीत तिथे पाणी गोठतं आणि चाफ्याच्या फांदीत पाणीच पाणी. ५० फॅरेनहाइटच्या खाली न जाणारं बेसमेंट हवं.

रुंदीवर उपाय म्हणजे कुंडीच सोडायची. पानं गळल्यावर झाड उपटा, मुळांवरची माती झटका, दोन दिवस सावलीत सुकवा, मुळांभोवती वर्तमानपत्र गुंडाळा आणि बेसमेंटमधे भिंतीला टेकवून ठेवा किंवा आडवं करा. हिवाळ्यात फांद्या थोड्या सुरकुततात, घाबरू नका. दाबून मऊ लागली तर मात्र सडतेय, तिथून खाली पांढरा स्वच्छ भाग आणि चीक दिसेपर्यंत कापा. एप्रिलमधे नव्या मातीत लावा. फांदी छोटी करायची ती पण तेव्हाच, कापलेल्या जागी दोन-तीन फांद्या फुटतील, पण फूल शेंड्याला येतं म्हणून त्या फांदीवर त्या वर्षी फुलं मिळणार नाहीत, तेव्हा तिन्ही एकदम कापू नका. कापलेला तुकडा दोन आठवडे सुकवून लावला की नवीन झाड.

डेकवर प्लॅस्टिकचं छोटं ग्रीनहाऊस लावलं तर सगळी झाडं बाहेरच राहतील का? – मॅसॅच्युसेट्स

नाही. हीटर नसेल तर सूर्य मावळल्यावर काही वेळात आत-बाहेर जवळजवळ सारखंच तापमान होतं. एप्रिल-मेमधे रोपं बाहेरच्या हवेला सवयीची करायला मात्र ते छान आहे.

तुळस दर वर्षी थंडी सुरू झाली की मरते आणि फार वाईट वाटतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तरी टिकवायची कशी? – पेनसिल्व्हेनिया

वाईट वाटणारच, ती नुसती कुंडी नाहीये. पण मंजिऱ्या येऊन खोड लाकडी झालेली तुळस इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात तग धरत नाही, मोठी असेल तर अजूनच नाही. म्हणून मोठीच्या मागे लागू नका. आत्ताच मंजिऱ्या नसलेल्या कोवळ्या चार-पाच फांद्या खुडून पाण्यात ठेवा, दोनेक आठवड्यांत मुळं धरतात, मग लहान कुंडीत लावून ग्रो लाइटखाली. लग्न कार्तिकात, बहुधा नोव्हेंबरमधे, तोवर वीतभर हिरवीगार तुळस वृंदावनात उभी राहील. मोठीच्या सुकलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पाकिटात भरून ठेवा, मार्चमधे पेरा. आणि वाळलेलं खोड कचऱ्यात टाकवत नाही असं तुम्ही लिहिलंय, नका टाकू, बागेच्या मातीतच पुरा.

हळद आणि अळू दोन्ही मोठ्या टबमधे आहेत, उचलवतच नाहीत. – बॉस्टनजवळून

उचलूच नका, दोन्हीचा जीव जमिनीखाली असतो. हळदीची पानं ऑक्टोबरमधे आपोआप पिवळी पडतात, तेव्हा पाणी बंद करा, पानं कापा, कंद काढा. जाडजूड खाण्यासाठी, डोळे असलेले पाच-सहा तुकडे बियाण्यासाठी कोरड्या कोकोपीटमधे घालून बेसमेंटमधे. पण एक लक्षात ठेवा, हळद फुटायला फार वेळ घेते आणि ऊब मागते, मेमधे लावली तर गौरी-गणपतीच्या पातोळ्यांना पुरेशी रुंद पानं मिळत नाहीत. मार्चमधेच घरात हीट मॅटवर (कुंडीखाली ठेवायची विजेची उबदार चटई) लावा. अळूची पानं पहिल्या दवाने काळी पडली की कापून टाका, कंद खणून चार दिवस सावलीत सुकवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, आणि महिन्याला एकदा उघडून बघा, एखादा मऊ लागला तर लगेच बाजूला काढा म्हणजे बाकीच्यांना लागत नाही.