गाणी ॲपवर ऐकायची की क्लाउडवर ठेवायची? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरी चाळीसेक कॅसेट आहेत. निम्म्या विकतच्या, नाट्यसंगीत आणि अभंगांच्या. बाकीच्यांत आमच्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि गावच्या भजनी मंडळाची भजनं. मुलानं सगळं कॉम्प्युटरवर घेऊन एमपीथ्री करून दिलंय. तो म्हणतो एखाद्या ॲपचं सबस्क्रिप्शन घ्या, सगळं तिथं मिळतं, कॅसेटची अडगळ काढा. भाची म्हणते गूगल ड्राइव्हवर टाका. कुणाचं ऐकू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काका, आधी एक विनंती, कॅसेट टाकून देऊ नका. निदान ओव्या आणि भजनांच्या तर नकोच नको, कारण त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. नाट्यसंगीताचं काय, बरंचसं स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावन, ॲपल म्युझिक यातल्या कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतं, तेवढ्यापुरतं मुलाचं बरोबर आहे. फक्त तिथं शोधताना एक बघा, मराठी जुन्या गाण्यांच्या नंतर दुसऱ्या गायकांनी गायलेल्या आवृत्त्या खूप निघाल्यात आणि सर्च केलं की कधीकधी त्याच वर येतात, मग माणूस म्हणतो हे ते गाणं नव्हेच. अल्बम उघडून अगदी तळाशी जा, तिथं वर्तुळातला पी आणि त्याच्यापुढे कंपनीचं नाव असतं. तुमच्या कॅसेटवर एचएमव्ही असेल तर ॲपवर सारेगामा दिसायला हवं, कंपनी तीच, नाव बदललंय.

आता ओव्या. इथं ॲप आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची आपल्या फाइल ठेवायची जागा, यातला फरक नीट समजून घेतला पाहिजे. सबस्क्रिप्शन घेतलं की गाणी आपली होत नाहीत, पैसे भरतोय तोवर ऐकायची परवानगी मिळते, आणि कंपनीचा लेबलबरोबरचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीबरोबरचा करार संपला की गाणं तुमच्या प्लेलिस्टमधूनही जातं. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच गेली होती, लोकांच्या याद्या अर्ध्या करड्या पडल्या, नाव दिसतं पण वाजत नाही. बाजारातल्या गाण्यांचं हे चालून जातं, दुसरीकडे मिळतात. आईचा आवाज असा दुसऱ्याच्या करारावर ठेवता येत नाही.

म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या हव्यात, एक साठवायला आणि एक ऐकायला. साठवायला ड्राइव्ह चांगला, भाची बरोबर सांगतेय. गूगल 15 जीबी फुकट देतं पण त्यात तुमचे मेल आणि फोटोही मोजले जातात, तेव्हा किती शिल्लक आहे ते आधी बघा. 320 केबीपीएसचं (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) एमपीथ्री असेल तर तासाला साधारण 144 एमबी लागतात, म्हणजे तासाच्या चाळीस कॅसेट सहा जीबीच्या आत बसतील. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड फुकटात 5 जीबी देतात, ड्रॉपबॉक्स 2, तिथं अडचण होईल.

अजून एक, मुलाला विचारा की कॅसेटवरून घेतलेली मूळ वेव्ह फाइल अजून आहे का. एमपीथ्री करताना आवाजातला काही भाग कायमचा जातो आणि तो परत आणता येत नाही. मूळ फाइल असेल तर ओव्यांपुरती फ्लॅक करून ठेवा. फ्लॅकमध्ये काहीच जात नाही आणि जागा वेव्हच्या साधारण निम्मी लागते, तासाला तीनेकशे एमबी धरा. मूळ फाइल उडवली असेल तर ओव्यांच्या तेवढ्या कॅसेट परत घ्या, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, डेकचं हेड आधी स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, आणि कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर आधी एकदा टोकापर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करून घ्या म्हणजे टेप मोकळी होते.

ऐकायला मात्र ड्राइव्ह सोयीचा नाही. एक फाइल संपली की पुढची उघडायला परत बोट लावा, स्वयंपाकघरात किंवा झोपताना हे कोण करणार. ड्राइव्ह जोडून गाणी वाजवणारी ॲप असतात, एव्हरम्युझिक, क्लाउडबीट्स वगैरे. नाहीतर यूट्यूब म्युझिकवर स्वतःच्या फाइल चढवायची सोय आहे आणि मला तुमच्यासाठी तीच योग्य वाटते. एक लाख गाण्यांपर्यंत फुकट, सबस्क्रिप्शन नसलं तरी स्वतः चढवलेल्या गाण्यांत जाहिरात लागत नाही आणि स्क्रीन बंद केली तरी वाजत राहतं. चढवायचं काम फोनवरून होत नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून करावं लागतं. चढवलेलं फक्त तुम्हालाच दिसतं. नेहमीच्या यूट्यूबवर व्हिडिओ टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथं सार्वजनिक ठेवलं तर सगळ्या जगाला दिसतं, तेवढा घोटाळा टाळा.

चढवण्याआधी नावं मात्र नीट करून घ्या कारण नंतर तिथं दुरुस्त करता येत नाहीत, काढून परत चढवावं लागतं. विंडोजवर एमपीथ्रीटॅग हे फुकट सॉफ्टवेअर आहे. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, अल्बम आणि अल्बम आर्टिस्ट हे चारही रकाने (यांनाच टॅग म्हणतात) भरा. अल्बम आर्टिस्ट रिकामा राहिला तर एकाच कॅसेटचे पाच तुकडे होऊन पाच अल्बम दिसतात. देवनागरीत लिहा, काही बिघडत नाही, फक्त जुन्या सॉफ्टवेअरनं केलेल्या टॅगमध्ये नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील तर ती पुन्हा टाइप करावी लागतील. आणि ओव्यांच्या फाइलमध्ये आईंचं नाव, गाव, कुठल्या साली रेकॉर्ड केलं हे जरूर लिहा, तुमच्या नातवंडांना ते दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.

या सगळ्याची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक मुलाकडे राहू द्या. गूगल खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर आतल्या सगळ्या गोष्टींसकट काढून टाकलं जाऊ शकतं, तेव्हा पासवर्ड घरात अजून कुणालातरी माहीत हवा.

प्रश्न : मी होस्टेलला राहते. दोन वर्षं ज्या ॲपवर गाणी ऐकत होते ते बंदच झालं आणि माझ्या सगळ्या प्लेलिस्ट गेल्या. आता कुठलं घेऊ, आणि तेही बंद पडलं तर? शिवाय रोजचा डेटा दीड जीबी, तो पुरला पाहिजे. (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाईट वाटलं वाचून, प्लेलिस्ट करायला किती वेळ जातो ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. तू एकटी नाहीस. भारतात 2024 च्या जानेवारीत रेसो बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळलं. मोठ्या कंपन्यांचंही तसंच, गूगल प्ले म्युझिक 2020 च्या डिसेंबरपर्यंत बंद झालं आणि ज्यांनी स्वतःच्या फाइल वेळेत हलवल्या नाहीत त्यांच्या 2021 च्या फेब्रुवारीनंतर गेल्याच. उलट मायक्रोसॉफ्टच्या ग्रूव्ह ॲपमधून वनड्राइव्हवरची गाणी वाजायची ती सोय 2018 च्या मार्चअखेर थांबली पण फाइल वनड्राइव्हमध्ये जशाच्या तशा राहिल्या. फाइल एकीकडे आणि वाजवणारं ॲप दुसरीकडे असेल तर ॲप गेल्यानं फारसं नुकसान होत नाही.

ॲपवरच्या प्लेलिस्टचं म्हणशील तर ट्यूनमायम्युझिक किंवा साउंडीझ या वेबसाइट वापरून यादी साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येते, दर सेमिस्टरला एकदा उतरवून स्वतःलाच मेल करत जा. ॲप कुठलं घ्यायचं? तुझ्या आवडीची वीस गाणी घे, त्यातली कमी माहितीतली, लावण्या, मराठी इंडी, जे काय असेल ते, आणि प्रत्येक ॲपच्या फुकट आवृत्तीत शोधून बघ, जिथं सगळ्यात जास्त सापडतील ते घे. हिंदी हिट गाणी सगळीकडेच असतात, त्यावरून काही ठरत नाही. पैसे भरायची वेळ आली तर विद्यार्थ्यांचा प्लॅन आहे का ते आधी बघ, बऱ्याच ठिकाणी असतो.

डेटाचा हिशोब सोपा आहे, 320 केबीपीएसच्या क्वालिटीला तासाला 144 एमबी, 96 ला जेमतेम 43. मोबाईल डेटावर क्वालिटी कमी ठेव आणि कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून घे. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेलं चालू राहायला तीस दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, सुट्टीत रेंज नसलेल्या गावी जाणार असशील तर निघायच्या आधी एकदा उघडून जा. आणि गाणी ऐकायला यूट्यूबचा व्हिडिओ लावून ठेवू नकोस, डेटा त्यातच जातो.

प्रश्न : नोकरीसाठी जर्मनीला आलो. भारतात केलेल्या प्लेलिस्टमधली काही मराठी गाणी इथं दिसतच नाहीत, पैसे तर दोन्हीकडे भरतोच आहे. (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : गाण्याचे हक्क देशागणिक दिले जातात, त्यामुळे लेबलनं जर्मनीसाठी परवानगी दिली नसेल तर तुम्ही पैसे भरूनही ते गाणं दिसणार नाही. खात्याचा देश बदलायचा की नाही हा दुसरा प्रश्न. कायमचे गेला असाल तर बदलून टाका, भारतातलं कार्ड बंद झालं की पेमेंट अडकतं. फुकट खातं स्पॉटिफायवर परदेशात चौदा दिवसच चालतं, पुढे देश बदलावाच लागतो.

करडी झालेली गाणी लिहून काढा आणि त्यांची सीडी किंवा विकत डाउनलोड मिळतंय का बघा. सुट्टीत पुण्या-मुंबईला आलात तर घरच्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आताच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा बाहेरून लावायचा मिळतो. मग त्या फाइल क्लाउडवर. तुम्ही आयफोनवाले असाल आणि ॲपल म्युझिकचं सबस्क्रिप्शन असेल तर मॅकवरून लायब्ररी सिंक करून स्वतःची गाणी त्यातच मिसळता येतात, मर्यादा एक लाख गाण्यांची. स्ट्रीमिंगची आणि घरची गाणी एकाच यादीत लागतात, मला हे फार आवडतं. पण सबस्क्रिप्शन थांबलं की क्लाउडमधली ती लायब्ररी जाते, आणि वेव्हसारख्या मोठ्या फाइल 256 केबीपीएस करून चढवल्या जातात, तेव्हा मूळ फाइल मॅकवरून उडवायच्या नाहीत.

एका ॲपवरून दुसऱ्यावर यादी हलवणार असाल तर मराठी गाणी एकेक करून तपासा. रोमन लिपीत एकच शब्द कुणी एक ए लावून लिहितो कुणी दोन, त्यामुळे हमखास भलतीच आवृत्ती, नाहीतर रीमिक्स येऊन बसतो.

प्रश्न : लॉसलेससाठी ॲप बदलू का? ब्लूटूथ हेडफोन आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नेहमीच्या ब्लूटूथसाठी नको. फोनपर्यंत लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेलं गाणं, आलं तरी हेडफोनकडे जाताना ते परत दाबलं जातं, आणि डेटा मात्र दुप्पट-तिप्पट जातो. वायरचे चांगले हेडफोन किंवा घरी ॲम्प्लिफायर-स्पीकर असतील तर जरूर ऐका, तानपुऱ्याची आस आणि तबल्याचा बायाँ यात फरक कळतो. ॲपल म्युझिकवर ते 2021 च्या जूनपासून आहे आणि वेगळे पैसे लागत नाहीत, स्पॉटिफायनं 2025 मध्ये आणलं, तिथं तुमच्या प्लॅनमध्ये ते येतं का ते बघून घ्या. आणि जुनं मराठी रेकॉर्डिंग मुळातच खरखरीत असेल तर लॉसलेसमध्ये ती खरखरच स्वच्छ ऐकू येईल, तिथं चांगलं रीमास्टर केलेली आवृत्ती शोधण्यात वेळ घालवलेला बरा.