आता दार कोण उघडणार?

प्रश्न : सप्रेम सलाम. आम्ही मूळचे नगरचे. सात वर्षांपासून इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ राहतो. मागच्या महिन्यात शेजारच्या आजी वारल्या. त्यांच्या अंत्यविधीला मी दहा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले, हे सासूबाईंना पटलं नाही. पाळकांनी सांगितलं, की आजी ३६ वर्षं दर रविवारी सकाळी चर्चचं दार उघडायच्या, हीटर लावायच्या, गीतपुस्तकं मांडून ठेवायच्या. घरी येताना लेकीनं विचारलं, "आई, आता दार कोण उघडणार?" मला बोलता येईना. सात वर्षांत आम्ही तीन चर्च बदलली. सध्या नगरच्या मंडळीची उपासना फोनवर लावते आणि पोळ्या लाटता लाटता ऐकते. मुलीला विश्वासूपणा शिकवायचा तो कुठल्या तोंडानं?

उत्तर : ताई, सलाम.

आधी सासूबाईंचं. आपल्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी माती होते. घरात आकांत असतो, कोणाला कोणाकडे पाहायची शुद्ध नसते. मुलांना शेजारी धाडायची रीत त्यातून आली आणि ती मायेनंच आली. इंग्लंडमध्ये मृत्यू आणि अंत्यविधी यांच्यात बहुधा दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत लेकीनं आजींचं बंद दार रोज पाहिलं असेल. तिला नेलंत हे बरं केलंत. परत आल्यावर तिनं काय विचारलं, तेवढंच सासूबाईंना सांगा. बाकी समजावत बसू नका.

तिच्या प्रश्नावरून मला बायबलमधली यापो गावची टबीथा आठवली. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात ती मरते आणि माडीवरच्या खोलीत तिला ठेवतात. येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवतात. तिच्या विश्वासाबद्दल त्या काही सांगत नाहीत, कापड पुढे करतात. पुढे पेत्र प्रार्थना करतो आणि ती उठते. रविवारच्या शाळेत आम्हाला तो चमत्कारच शिकवला गेला. मला मात्र वय वाढलं तसे ते अंगरखे जास्त दिसू लागले. कोणाचे दोन असतील, कोणाच्या लेकराचा एक. एकेक टाका घालताना टबीथाला कोणी पाहिलंही नसेल.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. दर गुरुवारी शाळा सुटली की सायकल काढून कुठंतरी जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. आई जेवण झाकून ठेवायची. गुरुवारी आमचा अभ्यास कधी घेतला गेला नाही, याचा राग माझ्या मनात पुष्कळ वर्षं होता. त्यांना मूठमाती देऊन आम्ही परतत होतो, तेव्हा पलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस माझ्याजवळ आला. तो फौजेत होता. म्हणाला, "माझी पत्रं मास्तर आईला वाचून दाखवायचे. उत्तरही तेच लिहायचे. आई जाईपर्यंत. अकरा वर्षं." ते आमच्या मंडळीचं कुटुंब नव्हतं, नात्याचं तर नव्हतंच. त्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाशी मला माझे वडील नव्यानं भेटले. माझा राग गेला, पण त्यांना ते सांगायला मी उशिरा पोचले होते.

विश्वासूपणा बहुतेक वेळा असाच, माणूस गेल्यावर कळतो, तोही परक्याच्या तोंडून. 'विश्वास' आणि 'विश्वासू' हे शब्द जवळजवळ ठेवून पाहा. विश्वास आपण कोणावर तरी ठेवतो. विश्वासू तो, ज्याच्यावर दुसरे भार टाकू शकतात. नव्या करारातला 'पिस्तिस' हा ग्रीक शब्द दोन्ही अर्थांनी येतो. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्मा माणसात वाढवतो त्या गुणांत, विश्वासूपणा मोजला आहे. फळ म्हटलं की त्याला ऋतू लागतो, आणि झाड एका जागी राहावं लागतं.

इथं एक गैरसमज होऊ देऊ नका. अंत्यविधीत पाळक देवापुढे मृताचं प्रमाणपत्र ठेवत नसतात. ते त्या माणसाला देवाच्या दयेवर सोपवतात, कारण देव विश्वासू आहे. आजींनी एकही दार उघडलं नसतं, तरी प्रार्थना हीच झाली असती. म्हणून लेकीला 'चांगलं वागलीस तर तुझ्याबद्दलही असंच बोलतील' असं कृपा करून सांगू नका. आजींनी दार उघडलं ते त्यांच्यावर आधी कोणीतरी प्रीती केली म्हणून, असं सांगा. दहा वर्षांच्या मुलीला ते समजतं.

तुमच्यापासून वाँटेज हे गाव फार लांब नाही. १८८३ साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तिथं झाला. एखाद्या शनिवारी लेकीला घेऊन जा. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं केलं, आणि तिथल्या बायकांनी ते छापलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. लेकीला माती दिल्यावरही रमाबाईंनी ते काम टाकलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

आता तुमच्या तीन चर्चबद्दल. घरभाडं, व्हिसा, नोकरी यांच्यामागे फिरणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. फोनवरच्या उपासनेलाही नावं ठेवणार नाही. आपल्या भाषेतलं गीत कानावर पडलं की परदेशातलं स्वयंपाकघर घरासारखं वाटतं, हे मीही अनुभवते. पण नगरची सकाळची नऊची उपासना सुरू होते तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे तुम्ही ऐकता ती झालेली उपासना. तुम्ही नसलात तरी तिथं काही अडत नाही. जिथं तुमच्यावाचून थोडंसं तरी अडेल, अशी जागा तुम्हाला हवी आहे.

आजींचं चर्च चालण्याच्या अंतरावर असेल तर तिथंच जा. भाषा परकी वाटेल, गीतांच्या चाली संथ वाटतील. वर्षभर धीर धरा. इंग्लंडच्या चर्चमध्ये चर्चवॉर्डन असतात, किल्ल्यांची आणि इमारतीची व्यवस्था बहुधा त्यांना ठाऊक असते. त्यांना गाठून महिन्यातल्या एका रविवारचं दार मागा. ते आधीच कोणाकडे गेलं असेल तर गीतपुस्तकं मागा, नाहीतर उपासनेनंतरचा चहा. मुलांच्या वर्गाचं काम आत्ताच घेऊ नका. त्याला पोलीस पडताळणी लागते, वेळ जातो आणि तोवर उत्साह मावळतो. छोटं काम घ्या, पण ताप आला तर बदली माणूस आधी सांगून ठेवाल इतकं मनावर घ्या. नगरची उपासना संध्याकाळी ऐका. पोळ्या थोड्या उशिरा लाटा आणि बसून ऐका.

आजोबा मागे आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील, तर अंत्यविधीनंतरच्या महिन्यात कार्डं यायची थांबतात आणि दाराची बेल वाजत नाही. आठवड्यातला एक वार ठरवा. डबा फार तिखट करू नका. लेकीला बरोबर न्या, आणि बेल तिला वाजवू द्या.