बहिर्वक्र (कड कुठेही आत न वळलेल्या) पत्र्याचा आकार त्यातून निघून जाणाऱ्या उष्णतेवरून ओळखता येतो का?

बराचसा येतो: क्षेत्रफळ, परिमिती आणि कोपऱ्यांचा माग सुरुवातीच्या क्षणांतच लागतो. सगळा पत्रा तापमान १ वर आणा, कड कायम ० वर धरा, विसरण गुणांक (उष्णता किती झपाट्याने पसरते ते सांगणारा आकडा) १ माना. मग

उरलेली उष्णता ≈ क्षेत्रफळ − परिमिती × २√(वेळ ÷ पाय) + स्थिरांक × वेळ (पाय म्हणजे π, ३.१४)

सुरुवातीला उष्णता कडेलगतच्या साधारण √वेळ रुंदीच्या पट्टीतूनच निसटते, म्हणून पहिली घट परिमितीच्या प्रमाणात. कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि तिथली घट दोनदा मोजली जाते; ती दुरुस्ती स्थिरांकात येते. चौरसाला दर कोपऱ्यामागे ४/पाय, एकूण ५.०९. गुळगुळीत कड असेल तर वर्तुळ असो वा लंबवर्तुळ, तो नेमका पाय, ३.१४ (बहिर्वक्र आकाराला भोक नसतं म्हणून, भोक असतं तर आकडा बदलला असता).

वेळ लहानच घ्या. १ बाजूच्या चौरसाला ०.०१ पर्यंत सूत्र चोख चालतं, ०.५९९६ देतं; ०.२ ला ते जवळपास शून्य दाखवतं, पण खरी उष्णता १.३ टक्के उरलेली असते.

मात्र एवढ्यावरून आकार पक्का ठरतोच असं नाही. अपवाद वर्तुळाचा: परिमितीचा वर्ग = ४ × पाय × क्षेत्रफळ निघालं, तर दुसरा आकार शक्यच नाही.