मोहोरावरच्या माश्या

प्रश्न : दारातला आंबा मोहोराने भरला आहे, पण मधमाश्या थोड्या आणि साध्या माश्याच फार. औषध फवारू का?

उत्तर : थांबा, पंप खाली ठेवा! त्या माश्याच तुमचं काम करताहेत. आंब्याचं परागीभवन मोठ्या प्रमाणावर माश्यांकडूनच होतं. अगदी घरमाशीसुद्धा त्यात आली, तिला घरात कितीही हाकललं तरी. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी माशी दिसली तर नीट बघा : मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, हिला एकच. हिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा ही झाडाचा रस शोषणारी कीड खातात, म्हणजे दुहेरी फायदा.

खरी काळजी तुडतुड्यांची. मोहोर हलवला की पाचरीच्या आकाराचे बारीक किडे टणाटण उडतात का? खालची पानं चिकट, मग काळी पडलीत का? ते रस शोषतात, चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते. तसं असेल तर कृषी सहायकांना दाखवा. फुलं उमललेली असताना फवारणी मात्र शक्यतो नकोच.