मडकं कुणी धरायचं

प्रिय बेटा,

सलाम.

रविवारी फाटकाशी तू विचारलंस, "काका, आजीचं मडकं धरलं, चुकलो का?" आणि उत्तराला न थांबता स्कूटर काढलीस. आईची आई हिंदू, तिला मुलगा नाही, नातू तू एकटा. सेशन, म्हणजे आपलं चर्चचं वडीलमंडळ, म्हणतं, चूक लिहून दे, मग प्रभुभोजनाची भाकर. नाही, चुकला नाहीस. देवाची इच्छा आधी, माणसांचा नियम मागून.

बायबलात मार्काचा ७वा अध्याय काढ. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हटलं की लेकाचे हात मोकळे! येशू याच पळवाटेवर चिडला. आणि दया हवी, यज्ञ नको, हे होशेय संदेष्ट्याचं वचन मत्तयात तो दोनदा ऐकवतो. दोनदा का, तर पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही.

मीही नव्हतं ऐकलं. १९८३ साल. वडिलांमागे ज्यांनी माझी कॉलेजची फी भरली ते काका गेले. ते हिंदूच राहिले होते. मी सेशनवर नवा, नियमाचा कडक. पंचकुइया स्मशानाच्या दारात सायकल धरून उभा राहिलो, आत गेलो नाही. चुलतभाऊ बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेला. काकूनं पुढेही चहा दिला. तेच जास्त लागलं.

पाळकांना विचारलं नव्हतं असं नाही हं. विचारलं होतं. ते 'नको' म्हणाले आणि मला हायसं वाटलं. राहतं घर चर्चच्या आवारातलं, लेकरं लहान... जाऊ दे. देवाची इच्छा मला त्या दारातच कळली होती, नियम फक्त आडोशाला घेतला.

नारायण वामन टिळकांचा १८९५मध्ये बाप्तिस्मा झाला. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले एकत्र बसत. तुला अडवणारे त्यांचीच भजनं टाळ धरून म्हणतात. मी हे बैठकीत बोललो, म्हणून मी हेकट. असेन.

पण जास्त खूश होऊ नकोस. होळकर स्टेडियमवरच्या मॅचसाठी तू गायनाचा सराव बुडवलास, ती देवाची इच्छा नव्हती, तुझी होती! माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, हे पेत्राचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यापायी त्यानं फटके खाल्ले, ते त्याच अध्यायात पुढे आहे. आपली सोय होत असली की मला आधी संशय येतो. तुझी काय सोय झाली? आजीला खांदा दिलास आणि भोजनाला मुकलास. म्हणून पुन्हा सांगतो, देवाची इच्छा आधी.

ते पत्र लिहू नकोस. सेशनशी भांडूही नकोस, ते काम माझं. येत्या रविवारी माझ्या बाकावर बस. प्रभुभोजनाची थाळी तुला टाळून गेली तर मीही हात पुढे करणार नाही.

दुपारी स्कूटर घेऊन ये. चुलतभाऊ सुदामा नगरात राहतो, मला एकट्याला जायला धजत नाही.

तुझा,
काका